आधी पॅक करायला शिका

तीन पत्ती खेळणाऱ्याला पोकरचे नियम समजायला तासभर पुरतो. टेक्सस होल्डेममध्ये हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच; सातांतून आपली सर्वोत्तम पाच जमवायची. पैसे लावण्याच्या फेऱ्या चार. घोळ होतो तो एका ठिकाणी: तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, इथे कलर सिक्वेन्सला. पाच पानांत कलर 5,108 प्रकारे जुळतो, सिक्वेन्स 10,200 प्रकारे. तीन पानांत कलर 1,096 आणि सिक्वेन्स 720. दुर्मीळ ते मोठं, एवढंच. (तीन पत्तीत तरी हे पुरतं पाळलंय कुठे? प्युअर सिक्वेन्स 48, ट्रेल 52, तरी ट्रेलच वर.)

खरा अभ्यास पॅक करण्याचा, म्हणजे पानं टाकून डाव सोडण्याचा. मध्ये 300 चिंचोके, समोरच्याने आणखी 100 लावले. 100 घालून 400 मिळणार, म्हणजे पाचात एकदा जिंकलात तरच बरोबरी. शेवटचं पान उघडायचंय, कलरला एक बदाम कमी. न दिसलेल्या 46 पानांत बदाम नऊ. पाचात एकाहून किंचित कमी. पानं टाकावीत. पण जो टाकत नाही, त्यालाही पाचातून जवळपास एकदा बदाम येतोच, आणि तो स्वतःला हुशार समजतो. म्हणून ‘हा कौशल्याचा खेळ’ हे म्हणणं खरं असूनही नवशिक्याच्या कामाचं नाही: कौशल्य हजारो डावांत दिसतं, खिसा त्याआधीच रिकामा होतो. त्यात कॅसिनोच्या टेबलावर मधल्या रकमेतून कॅसिनोचा वाटा कापला जातो. इतरांहून थोडं बरं खेळणं तिथे पुरत नाही.

म्हणून शिकायचं ते पैसे न लावता, चिंचोक्यांवर. उलट बाजूही खोटी नाही. फुकटच्या चिंचोक्यांवर कुणी पॅक करत नाही, मग बनाव करायचा कुणापुढे? यावर माझा तोडगा: सगळ्यांना सारखे चिंचोके, संपले की बाहेर, पुन्हा मिळणार नाहीत. बाहेर बसून इतरांचा खेळ बघणं पुरेसं बोचतं.

1887 चा मुंबईचा जुगारविरोधी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरला मात्र जुगारच ठरवलं. पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता 2025 च्या केंद्रीय कायद्याने कौशल्य-नशिबाचा भेदच ठेवला नाही. माझं मत शिकण्याच्या बाजूचं, घरच्या सतरंजीवर. पण ज्या घरात पत्त्यांपायी एकदा जमीन गेली आहे, तिथे ‘चिंचोकेही नकोत’ म्हणणाऱ्या आईशी मी वाद घालणार नाही.