बॉक्स आपला, चावी त्यांची

केबल टीव्हीतल्या फसवणुकीचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं: ‘लोक फॉर्म वाचत नाहीत, पावती मागत नाहीत, मग फसणारच.’ आपल्याच मोहल्ल्यातली चार बुकं शिकलेली पोरंही हेच म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, यंत्रणा कशा बांधतात ते रोज बघतो. ग्राहकाच्या हाती कागदाचा चिटोराही राहणार नाही अशी व्यवस्था चालवायची आणि मग त्यालाच अडाणी म्हणायचं, ही लबाडी आहे.

काय घडलं ते आधी आठवू. २०११च्या अखेरीस केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरं होती. त्यांची मुदत वाढत वाढत ३१ ऑक्टोबर २०१२वर आली. दुसऱ्या टप्प्यात पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर अशी ३८ शहरं, मुदत ३१ मार्च २०१३. त्यानंतर उरलेली शहरं आणि शेवटी खेडी. कारणं चांगलीच सांगितली होती. केबलचालक जोडण्यांचा आकडा लपवतात, कर बुडतो. आता हिशेब पारदर्शक होईल, चित्र स्वच्छ दिसेल आणि ग्राहकाला हवे तेवढेच चॅनेल घेता येतील.

हिशेब खरंच पारदर्शक झाला, पण तो वरच्यांना दिसतो. आपल्याला दिसत नाही.

मुदत जवळ आली तशी गल्लीत हाक फिरली: ‘बॉक्स लावा, नाहीतर उद्यापासून टीव्ही बंद.’ ट्रायच्या नियमांत बॉक्स विकत, हप्त्याने किंवा अनामत ठेवून भाड्याने घेण्याची सोय होती. आमच्या वस्तीत एकच पर्याय सांगितला गेला: रोख द्या, बॉक्स घ्या. कुणाला तो ‘सरकारी बॉक्स’ म्हणून दिला, कुणाला ‘कंपनीचा’ म्हणून. भरलेल्या फॉर्मची प्रत ग्राहकाला द्यायची असते. ती मिळालेलं घर आमच्या गल्लीत मला आजवर भेटलं नाही.

कागदाचा एवढा आग्रह कशाला, असं वाटेल. दिलेले पैसे किंमत होती की अनामत, हे त्या कागदावरच ठरतं. किंमत असेल तर बॉक्स तुमचा, त्याची वॉरंटी तुमची. अनामत असेल तर जोडणी सोडताना पैसे परत मागता येतात. कागदच नसेल तर बॉक्स बिघडल्यावर तो ‘तुमचा’ असतो आणि सोडताना ‘कंपनीचा’ होतो.

आता यंत्राच्या आत डोकावू. चॅनेल कुलूपबंद होऊन घरापर्यंत येतात. ते उघडणारी चावी बॉक्समधल्या कार्डात किंवा चिपमध्ये असते आणि ती चालू-बंद करणारा हुकूम कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सेवेवर सहसा चालत नाही. म्हणजे पूर्ण पैसे मोजून घेतलेला बॉक्स कंपनी बदलताच डबा होतो. आमच्या घरी असे दोन डबे कपाटावर धूळ खात पडले आहेत. मोबाइल तोच ठेवून सिम बदलता येतं, तशी सोय बॉक्सला हवी, अशी शिफारस ट्रायने केली ती एप्रिल २०२०मध्ये. तोवर चारही टप्पे उरकले होते. घरोघरी बॉक्स लावून झाल्यावर ही शिफारस आली!

आणखी एक. त्या सर्व्हरवर प्रत्येक बॉक्सची नोंद असते: नाव, क्रमांक, कोणते चॅनेल चालू, पैसे कधी जमा झाले. एक दिवस उशीर झाला तर हजारो बॉक्समधून नेमका तुमचाच बंद पडतो. जी यंत्रणा इतकी अचूक आहे, तिला पावती देता येत नाही यावर माझा विश्वास नाही. ती देता येते, पण दिली जात नाही.

१ फेब्रुवारी २०१९पासून नवे दर लागू झाले. १०० चॅनेलपर्यंतच्या जोडणीला जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर, आणि सशुल्क चॅनेलची वेगळी, जाहीर किंमत. आकडे पुढे बदलले, पण एकेक चॅनेल निवडण्याचा हक्क कायम आहे. वसुलीवाल्याला हे विचारून बघा. ‘पॅकच घ्यावा लागतो’ असं ऐकू येईल. ते खोटं आहे.

यावर आपल्यातलाच एक युक्तिवाद येतो: ‘जाऊ दे ना, केबलवाला आपलाच आहे. अडीअडचणीला धावतो, कार्यक्रमाला वर्गणी देतो. पन्नास-शंभर रुपयांसाठी कुठे भांडायचं?’ तो आपला आहे हे मान्य, आणि वरची कंपनी त्यालाही पिळते हेही खरं. पण पावती मागणं म्हणजे भांडण कसं? वर्गणी द्यायची तर त्याने खिशातून द्यावी, आपल्या अम्मीच्या घरखर्चातून नाही. कारण महिन्याचे पैसे बहुतेक घरांत तीच देते. जोडणी अब्बांच्या नावावर, मोबाइल क्रमांक भलत्याचाच, आणि तक्रार करायला गेलं की ग्राहक क्रमांक मागतात, जो तिला कुणी सांगितलेलाच नसतो.

म्हणून मित्रांनो, हे काम आपलं आहे. आपल्याला अ‍ॅप कळतात, नियम वाचता येतात. या महिन्यात घरच्या जोडणीचा ग्राहक क्रमांक काढा, नोंदवलेला मोबाइल क्रमांक तपासा, चॅनेलची यादी बघा आणि नको ते काढा. पैसे देताना पावती मागा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. नुसत्या बातम्या आणि सरकारी वाहिन्या बघायच्या असतील तर डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडंच नाही.

एकट्याने पावती मागितली तर ‘फार शहाणा’ म्हणतील. इमारतीतल्या वीस घरांनी एकाच दिवशी मागितली तर पुढच्या महिन्यात पावतीपुस्तक येईल. सुरुवात आपापल्या जिन्यापासून करा.