रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणून फळ बंद?

केळं, आंबा, किवी सगळं बंद करून आलेले पेशंट हल्ली वरचेवर भेटतात. "खाल्ल्यावर काय होतं?" विचारलं की उत्तर येतं, "होत काहीच नाही, पण रिपोर्टमध्ये आलंय!"

हे थांबायला हवं. रक्तातलं 'आयजीई' ०.३५ च्या वर गेलं म्हणजे अ‍ॅलर्जी सिद्ध झाली, असं नाही. परागकण किंवा लॅटेक्सविरुद्धच्या अँटीबॉडीज फळांतल्या मिळत्याजुळत्या प्रथिनांनाही चिकटतात. फळ नेहमी खाऊनही त्रास होत नसेल, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे.

उलट, खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी ते फळ टाळा आणि डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठा. काही फळांची नाजूक प्रथिनं चाचणीच्या अर्कात टिकतच नाहीत.

आणि शे-दोनशे पदार्थांची 'आयजीजी' पॅकेजेस? निव्वळ पैशांची नासाडी. आयजीजी ही तो पदार्थ तुमच्या खाण्यात असल्याची खूण आहे, आजाराची नव्हे. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने हे २००८ मध्येच सांगितलंय. तरीही ती विकली जातात.

आधी लक्षणं, मग चाचणी. उपचार पेशंटवर करायचे असतात, कागदावर नाही.