काडतुसाची मुरड

दिवाळीत करंज्या करताना घरातल्या जाणत्या बाईचे लक्ष सारणापेक्षा मुरडीवर असते. मुरड सैल राहिली की करंजी तेलात उकलते आणि सगळे तळण नासते. काडतुसाचेही तसेच आहे. दारू आणि गोळी भरून झाली की पितळी नळीचे तोंड गोळीभोवती आवळावे लागते. इंग्रजीत त्याला क्रिम्प म्हणतात. मी मुरडच म्हणेन.

हा विषय काढायचे कारण जुन्नर-आंबेगावात आहे. डिंभे, येडगाव, माणिकडोहच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसात बिबट्याने घर केले आणि दिवस मावळला की आया मुलांना अंगणात सोडेनाशा झाल्या. 'आम्हाला बंदुका द्या' ही मागणी या भीतीतून येते. ती मान्य झाली तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे : विकतची काडतुसे मोजून मिळतात, महाग पडतात, मग अमेरिकेतल्यासारखी घरीच का भरू नयेत?

अमेरिकेत हा छंद आहे खरा. पण तिथे छापील कोष्टके असतात, दारू काट्यावर तोलली जाते आणि मुरड इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलात मुरड जास्त आवळली तर काडतूस वाजवीपेक्षा आत जाते आणि बार उडेलच याचा भरवसा राहत नाही. सैल राहिली तर गोळी आत दबते, दारूला जागा कमी पडते आणि दाब भलताच चढतो. रिव्हॉल्वरमध्ये सैल गोळी आधीच्या बाराच्या धक्क्याने पुढे सरकून चक्रच अडवते. खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यात ही मापे यंत्रांवर तपासली जातात. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ती कोण तपासणार?

शिवाय काडतुसे बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्यासाठी पुरत नाही. याच कायद्यात पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. तिचा तर प्रत्येक बार हातानेच भरायचा. गोळी दारूपर्यंत ठासली गेली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुटू शकते. ती फुटते तेव्हा बिबट्या उसात सुखरूप असतो. हात जातो तो घरातल्या कर्त्या माणसाचा.

आणि बार नेमका उडाला तरी काय? अंधारात, उसाच्या सरीत, पलीकडे शेजाऱ्याची वस्ती असताना नेम कशावर धरायचा? जखमी बिबट्या तर अधिकच घातकी. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे वेगळेच.

भीती खरी आहे; तिला शहरातून उपदेश करणे मला पटत नाही. पण मागायचेच तर पंपाला दिवसा वीज मागावी, बंदिस्त गोठ्याला अनुदान मागावे, वस्तीवर दिवे मागावेत, वनखात्याकडे पुरेशी माणसे आणि पिंजरे मागावेत. रात्री दारे धरायला जावे लागले नाही, तर शेतकऱ्याला बंदुकीची गरजच किती उरेल? घरात मुरड घालावी ती करंजीला. काडतुसाची मुरड कारखान्यातच राहू द्यावी.