इतिहासातील हमाल

इतिहासाच्या पुस्तकात युद्धाचे प्रकरण आले की आपण सारे सावरून बसतो. लढाई कोणत्या तारखेला झाली, कोण जिंकले, कोणाला कोणते चक्र मिळाले, हे आपल्याला पाठ असते. पण लढणाऱ्या जवानाला तेथपर्यंत नेले कोणी, त्याची काडतुसे आणि त्याचे पीठ-मीठ पोहोचवले कोणी, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून तो आपल्या मनातही येत नाही. माझ्या मते हा साधा विसर नव्हे. ओझे वाहणाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टीच तशी आहे.

उदाहरण म्हणून भारतीय हवाई दलाची १२ क्रमांकाची स्क्वाड्रन घ्या. डिसेंबर १९४५ मध्ये कोहाट येथे ती उभी राहिली तेव्हा तिच्याकडे स्पिटफायर ही लढाऊ विमाने होती. १९४६ मध्ये ती जाऊन डाकोटा ही वाहतुकीची विमाने आली. पुढे आग्र्याचा तळ हेच तिचे घर झाले. तलवार काढून घेतली आणि हाती गोणी दिली, असे कोणालाही वाटेल. पण पुढे काय झाले ते पाहा.

ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाले बारामुल्ल्यापर्यंत येऊन ठेपले होते. रस्त्याने फौज वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. २७ ऑक्टोबरच्या सकाळी विंग कमांडर के. एल. भाटिया यांच्या नेतृत्वाखाली या स्क्वाड्रनच्या डाकोटा पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन दिल्लीहून श्रीनगरला उतरल्या. खासगी कंपन्यांची विमानेही मदतीला होती. श्रीनगरचा विमानतळ आपल्या हाती आहे की नाही, हे निघताना खात्रीने कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवशी विमाने पोहोचली नसती, तर पुढची शौर्यगाथा लिहायला जागाच उरली नसती.

त्यानंतर पूंछला वेढा पडला, तो जवळजवळ वर्षभर टिकला. तेथे जवानांनी आणि निर्वासितांनी मिळून धावपट्टी तयार केली. डाकोटांनी आत धान्य, दारूगोळा आणि तोफासुद्धा नेल्या आणि परतताना निर्वासितांना बाहेर काढले. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला पहिले विमान उतरवले. साडेदहा हजार फुटांहून उंच जागा, भोवती हिमशिखरे आणि विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोयही नाही!

हे सारे मी सुटीत घरी वडिलांना उत्साहाने सांगत होतो. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आरं, पर त्या इमानात माल भरला कुनी?"

मी गप्प झालो. मला भाटिया आणि मेहर सिंग माहीत होते. विमानात पेट्या चढवणारे, रात्रभर इंजिने तपासणारे आणि सकाळी पुन्हा कामावर उभे राहणारे यांच्यापैकी एकाचेही नाव मला सांगता येईना. लेहची धावपट्टी सोनम नोर्बू या अभियंत्याच्या देखरेखीखाली स्थानिक लोकांनी बांधली. अभियंत्याचे नाव राहिले; दगड उचलणाऱ्यांचे नाही. म्हणजे ज्या दृष्टीला मी दोष देत होतो, तीच माझीही होती. फक्त मी एक पायरी खाली उतरलो होतो, इतकेच.

कोणी म्हणेल, प्रत्येकाचे नाव लिहायचे तर इतिहासाचे पुस्तक किती मोठे होईल? आक्षेप खरा आहे. लढाऊ वैमानिकाचे शौर्य कमी लेखावे, असेही मला म्हणायचे नाही. पण प्रश्न केवळ सन्मानाचा नाही, समजण्याचा आहे. पूंछ वर्षभर का टिकले, याचे उत्तर एकट्या शौर्यात सापडत नाही. ते धावपट्टीच्या मातीत आणि पिठाच्या पोत्यांतही आहे. पोती वगळून लिहिलेला इतिहास अपुराच नव्हे, चुकीचाही असतो.

या स्क्वाड्रनला 'याक' म्हणतात. बर्फाळ घाटांतून मुकाट्याने ओझे नेणारा हा प्राणी. ते नाव तिने अभिमानाने मिरवले. आपणही थोडे तसे शिकू या. वर्गात प्राध्यापक विजयाची तारीख सांगतील तेव्हा ती जरूर लिहून घेऊ. पण हात वर करून एक प्रश्नही विचारू, माझ्या वडिलांनी विचारला तोच. उत्तर लगेच मिळणार नाही. ते शोधणे हाच आपल्या पिढीचा इतिहासाचा अभ्यास ठरावा, असे मला वाटते.