गावातल्या कॉम्प्युटरलाही खंडणीखोराचं कुलूप लागू शकतं. वाचवते ती फक्त वेगळी ठेवलेली प्रत

३१ जुलै २०२४ ला देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. त्यांना संगणक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. तो पुढे पसरू नये म्हणून एनपीसीआयने कंपनीचं कनेक्शन तोडलं. दुसऱ्या दिवशी व्यवहार सुरू झाले.

बँकांच्या मागे तज्ज्ञांची फौज होती, म्हणून निभावलं. गावातलं कृषी सेवा केंद्र, दूध डेअरी, फोटो स्टुडिओ यांच्या मागे कोण आहे? उधारीची वही बंद झाली, सगळा हिशोब कॉम्प्युटरमध्ये गेला. तो गेला तर वसुली कशाच्या आधारावर करणार?

कुलूप कसं लागतं?

रॅन्समवेअर फायलींना जागेवरच कुलूप लावतो. फाइल दिसते, पण उघडत नाही. किल्ली हवी तर पैसे द्या, असा मेसेज स्क्रीनवर येतो. पैसे बहुतेक वेळा बिटकॉइनमध्ये मागतात. दिले तरी किल्ली मिळेलच याची खात्री नाही.

बिलाच्या नावाने आलेली मेलमधली फाइल, फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर आणि जुनं विंडोज ही त्याची नेहमीची दारं. क्रॅक टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' असं सांगतात. म्हणजे राखणदाराला आपणच घरी पाठवायचं.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने सुमारे १५० देशांत धुमाकूळ घातला. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही, तेच जास्त सापडले. विंडोज ७ चे अपडेट २०२० मध्येच थांबले, तरी ते आजही कित्येक दुकानांत चालू आहे.

बॅकअप आहे, पण कुठे?

खरी चूक इथेच होते. बरेच जण बॅकअप घेतात, पण ती हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडलेलीच असते. मग कुलूप तिलाही लागतं. घराची दुसरी किल्ली दारालाच लटकवून ठेवण्यासारखं आहे हे.

आठवड्याला एक दिवस ठरवावा, बाजाराचा दिवस धरला तरी चालेल. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात, डिस्क काढावी आणि कपाटात ठेवावी. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडून पाहावी. न उघडणारा बॅकअप काय कामाचा?

हल्ला झालाच तर

आधी इंटरनेट बंद करा आणि जोडलेले पेनड्राइव्ह काढा. घाईने फॉरमॅट मारू नका. काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर फुकट मिळतात. युरोपोलचा त्यात सहभाग आहे. तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर करा.

पेरणीचं बी कोणी एकाच कणगीत ठेवत नाही. हिशोबाच्या फायलींनाही तोच नियम लावायला हवा.