गतीचा हिशेब

रस्त्यावरील अपघाताची वार्ता आली म्हणजे आमच्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. 'त्याची वेळ आली होती' हे एक, आणि 'चालकाचा ताबा सुटला' हे दुसरे. पहिल्याने दोष दैवावर जातो, दुसऱ्याने एका मनुष्यावर, आणि बाकीचे आम्ही सर्व मोकळे होतो. सन २०२२ मध्ये या देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. इतक्यांची वेळ रस्त्यावरच येत असेल, तर या दैवाचे गणित एकदा मांडून पाहण्यास कोणाची हरकत नसावी.

आमची गतीविषयीची समजूत बैलगाडीवर बनलेली आहे. बैल ओढतात तोवर गाडी चालते. ते थांबले की ती उभी राहते. म्हणून जोर आहे तोवर गती, जोर सरला की गती सरली, असे मनात बसले आहे. ग्रीसच्या ॲरिस्टॉटलचे मतही याहून फार निराळे नव्हते, आणि ते युरोपात शतकानुशतके चालले; तेव्हा आम्हीच तेवढे अडाणी असे कोणी समजू नये. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून त्या मतास हादरा दिला, आणि न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलट नियम स्पष्ट मांडला: चालती वस्तू, तिला कोणी अडविले नाही तर, त्याच वेगाने सरळ रेषेत चालतच राहते. बैलगाडी उभी राहते ती जोर सरल्यामुळे नव्हे, तर आस आणि माती यांचे घर्षण तिला अडविते म्हणून.

एस. टी.त उभा असलेला उतारू ब्रेक लागताच पुढे कोसळतो व चालकास बोल लावतो की, 'फेकले!' त्यास कोणीही फेकलेले नसते. गाडी थांबली, तो थांबला नाही, इतकेच. मोटारीत मागे ऐसपैस बसलेल्या गृहस्थांचीही गत हीच. मोटार आदळून थांबते. ते मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढच्या आसनाकडे निघालेले असतात. हा वेग ताशी ७२ किलोमीटर असेल, तर तो वीस मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्याइतका आहे. ताशी ३६ किलोमीटर असेल तर पाच मीटर. वेग दुप्पट, पण उंची चौपट, हे ध्यानात धरावे. 

दुसरे गणित आयांसाठी आहे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून, पुढचा भाग अर्धा मीटर चेपून थांबली असे धरू. हा सारा प्रकार एका सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात आटोपतो. तेवढ्यात मांडीवरील दहा किलोंच्या मुलास आवरण्यासाठी हातांनी सुमारे सव्वादोन क्विंटलांचा भार पेलावा लागेल. पन्नास किलोंची साडेचार पोती! मोंढ्यातील पट्टीचा हमालही हे करू शकणार नाही. मग 'मी घट्ट धरले आहे' या शब्दांस काय अर्थ उरतो? मुलाकरिता वेगळे आसन आणि मोठ्यांकरिता पट्टा, एवढेच हे काम करू शकतात. पट्टा मनुष्यास मोटारीबरोबरच, छातीच्या व कमरेच्या हाडांवर भार वाटून, हळूहळू थांबवितो. कायद्याने तो मागच्या आसनावरही आवश्यक आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ अपघातात निवर्तले, तेव्हा ते मागेच बसले होते व पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मोटार उंची होती. गतीचा नियम मोटारीची किंमत विचारीत नाही.

आता आमच्या व्यापारी बंधूंकडे वळतो. मालासकट वीस टन वजनाची मालमोटार घाटात पाचशे मीटर खाली उतरली, तर सुमारे तीनशे लिटर पाण्यास उकळी आणण्याइतकी उष्णता उत्पन्न होते. चालकाने खालचा गिअर घातला तर इंजिन त्यातील वाटा उचलते; नाही तर बहुतेक सारी ब्रेकांच्या माथी बसते. तापलेल्या ब्रेकांची पकड ढिली होते. सोळा टनांच्या गाडीवर वीस टन चढविले की ही उष्णता सवाई झाली. 'ब्रेक निकामी झाले' असे मग पंचनाम्यात येते. ते कोणी निकामी केले हे येत नाही. बोरघाटात १८६३ पासून आगगाडी धावते, आणि उतारावर सुटलेली गाडी चढावर नेऊन थांबविण्याकरिता रेल्वेने तेथे वेगळे रूळ टाकले आहेत. तिने वजनाशी व उताराशी वाद घातला नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनास वीस हजार रुपये आणि वरच्या दर टनास दोन हजार दंड आहे. तो चालविणाराप्रमाणेच चालवावयास लावणारासही लागू आहे. तरी फेरी वाचविणारा पेढीवर राहतो आणि घाटात जातो तो चालक. आमची सूचना लहान आहे. वजनकाटे बाजारात उभेच आहेत. माल घेताना एक किलोची तूट न सोसणाऱ्या आमच्या व्यापारी मंडळांनी, भरून निघणाऱ्या प्रत्येक मालमोटारीच्या वजनाची पावती भाड्याच्या पावतीस जोडण्याचा ठराव पुढच्याच सभेत करावा, आणि पावतीवाचून गाडी फाटकाबाहेर सोडू नये.