बांसवाड्याची भानुमती

रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला लाईटची वाट बघत 'फिदा' परत पाहिला. शेखर कम्मुलांचा, 2017 चा. आमच्या बिलोलीची हद्द ओलांडली की बोधन, पुढं सिनेमातलं बांसवाडा. तेलुगू सिनेमात तेलंगणाची बोली बहुतेक गुंडाच्या नाहीतर विनोदी माणसाच्या तोंडी असायची. इथं ती नायिकेच्या तोंडी आहे. साई पल्लवी तमिळनाडूची, तरी आवाज तिचाच. लई गोड वाटतं. स्वतःला हायब्रीड म्हणवते, बियाणं घेणाऱ्याला हसू येणारच!

भानुमतीला बाप अन् गाव सोडवत नाही, शेवटी अमेरिकेतला पोरगाच गावात राहायला येतो. पटलं. पण भाऊ, तो डॉक्टर हाय. सातबारावर नाव असलेल्याला कोण भानुमती देतंय? आमच्या शिवारात पस्तिशी गाठलेली पोरं विहिरीवर बसून हाच सिनेमा मोबाइलवर बघतात.